तलाव आहे, शिकवणार कोण?

ग्रामीण भागातले मुलांचे पोहण्याचे क्लब पाण्याअभावी क्वचितच बंद पडतात. पोहण्याचं वेड असलेला एखादा माणूस दहा-बारा मुलं गोळा करतो, रोज स्वतः काठावर उभा राहतो. दोन वर्षांत मुलं चाळीसवर जातात, एखादी मुलगी स्पर्धेतून पदक घेऊन येते आणि पालक कौतुकाने बघायला जमू लागतात. मग त्या माणसाची बदली होते, नाहीतर घरात आजारपण येतं, नाहीतर तो नुसता थकतो. दीड महिन्यात तलावाला कुलूप लागतं. चाळीसपैकी निम्म्या मुलांना तोवर पाण्यात नीट श्वासही घेता येत नसतो.

म्हणून छोट्या क्लबने आपली वाढ मुलांच्या आकड्यावर मोजू नये, शिकवू शकणाऱ्या माणसांच्या आकड्यावर मोजावी. आणि ग्रामीण भागात पोहण्यासाठी जिथे जिथे सार्वजनिक पैसा येतो, तिथे त्यातला ठरावीक वाटा बांधकामाला हात घालण्याआधी माणसं तयार करण्यासाठी बाजूला काढलाच पाहिजे. आमच्या मते हा वाटा दहाव्या हिश्श्याहून कमी नसावा आणि तो पहिली पाच वर्षं पुरवून वापरावा. फरशी आणि पंप एकदा बसले की बसले. माणसं मात्र दरवर्षी थोडी गळतात, दरवर्षी थोडी नवी लागतात.

साधा हिशेब करून बघू. अजिबात पोहता न येणारी मुलं एका शिकवणाऱ्याकडे सहापेक्षा जास्त देऊ नयेत. लहान किंवा घाबरणारी असतील तर चारच. सहा मुलं भिंतीला धरून रांगेत उभी केली की शिकवणारा एका मुलाला हातात घेऊन काम करतो आणि उरलेली पाच त्याच्या नजरेच्या टप्प्यात राहतात. सातवं मूल आलं की रांगेचं टोक पाठीमागे जातं. ज्यांना सलग पोहता येतं त्यांचा हिशेब वेगळा आहे. २५ मीटरच्या एका लेनमध्ये सहा जण १० सेकंदांचं अंतर ठेवून गोल फिरत पोहू शकतात आणि काठावरचा एक जाणता माणूस अशा दोन लेन सांभाळू शकतो. चार लेनचा तलाव असेल, अर्ध्या भागात नवखे आणि अर्ध्या भागात सरावाची मुलं असतील, तर एका सत्रात बारा नवखे आणि बारा पोहणारे मावतात. त्यासाठी पाण्यात दोन, काठावर एक आणि काहीही न शिकवता फक्त पाण्याकडे बघणारा एक अशी चार माणसं हवीत. चौघं रोज यावेत असं वाटत असेल तर यादीत किमान आठ नावं लागतात, कारण यातल्या प्रत्येकाला नोकरी, शेती, परीक्षा, लग्नकार्य आहे. चोवीस मुलांमागे आठ तयार माणसं हे गणित ज्या क्लबने मांडलेलं नाही, तो मुलं घेत राहतो आणि धोका साठवत राहतो.

हा केवळ खेळाचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली आणि त्यातली दहापैकी नऊ कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली होती. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्याच वर्षी एप्रिलमध्ये ठराव करून २५ जुलै हा बुडण्याच्या घटना रोखण्यासाठीचा जागतिक दिवस ठरवला. आरोग्य संघटनेच्या उपायांच्या यादीत शाळकरी वयाच्या, म्हणजे साधारण सहा वर्षांवरच्या मुलांना पोहणं, पाण्याजवळ वागण्याचे नियम आणि दुसऱ्याला सुरक्षितपणे मदत करणं शिकवा, असं स्पष्ट आहे. (त्याहून लहान मुलांसाठी कुंपण आणि सतत मोठ्यांची नजर हाच खरा उपाय. चार वर्षांच्या मुलाला 'पोहता येतं' म्हणून कुणी निर्धास्त होऊ नये.) बांगलादेशात हे काम खेड्यांमधल्या साध्या तळ्यांमध्ये झालं. पाण्याखाली बांबूचा मचाण बांधून उथळ, आखलेली जागा तयार केली आणि त्याच वस्तीतल्या लोकांना प्रशिक्षण देऊन शिकवायला उभं केलं. २५ मीटर पोहणं आणि ३० सेकंद पाण्यावर तरंगत राहणं ही तिथली उत्तीर्ण होण्याची कसोटी होती. ही मुलं न शिकलेल्या मुलांपेक्षा फार कमी प्रमाणात बुडतात, हेही अभ्यासातून दिसलं. काम झालं ते शिकवण्याच्या ठरलेल्या पद्धतीमुळे आणि ती पद्धत अंगवळणी पडलेल्या स्थानिक माणसांमुळे. टाइल लावलेला तलाव तिथे नव्हताच.

स्पर्धेच्या बाजूनेही हेच दिसतं. हवाई बेटांपैकी माउईवर, पुउनेने इथल्या उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या मजुरांच्या मुलांना सोइची साकामोतो नावाचा शाळामास्तर १९३० च्या दशकात पाटाच्या पाण्यात पोहायला शिकवत असे. तो स्वतः नावाजलेला जलतरणपटू नव्हता. प्रवाहाविरुद्ध पोहताना मुलांच्या हातांवर काय ताण येतो, कोण कुठे दमतं, हे तो बघत राहिला आणि त्यावरून सराव आखत गेला. १९३७ मध्ये त्याने तीन वर्षांचं ध्येय ठेवून क्लब काढला, कारण १९४० चं ऑलिम्पिक गाठायचं होतं. युद्धामुळे ते ऑलिम्पिक झालंच नाही. पण त्याच्या हाताखाली तयार झालेल्या बिल स्मिथने १९४८ मध्ये लंडनला दोन सुवर्णपदकं मिळवली. नीट बघणारा, नोंद ठेवणारा, धीराचा माणूस स्वतः विजेता नसला तरी मुलं घडवू शकतो, एवढं यातून घ्यावं. मात्र एकट्या साकामोतोवर क्लब उभारण्याची नक्कल कुणी करू नये. तशी माणसं विरळा असतात आणि एकच माणूस म्हणजे वर सांगितलेलं कुलूप.

मग माणसं आणायची कुठून? काठावर बसलेली असतात ती. मुलांना सोडायला आलेले आणि तासभर फोन बघत थांबलेले पालक, गेल्या वर्षापर्यंत क्लबमध्ये पोहणारी सोळा-सतरा वर्षांची मुलंमुली, शाळेतले शिक्षक, दवाखान्यातल्या परिचारिका. चूक होते ती विचारण्यात. "क्लबला जरा मदत कराल का?" असं विचारलं की समोरच्याला त्या मदतीचा शेवट दिसत नाही, म्हणून तो हसून टाळतो. "मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी साडेपाच ते सव्वासहा, आठ आठवडे, पहिल्या लेनच्या हजेरीची वही आणि शिट्टी" असं विचारावं. दिवस, वेळ, काम आणि शेवटची तारीख असं नेमकं सांगितलं की होकार बराच सोपा होतो. आठ आठवड्यांनी ज्याला थांबायचं आहे त्याला मान देऊन मोकळं करावं, मनात अढी ठेवू नये. मोकळं केलेला माणूस पुढच्या हंगामात परत येतो, भिडेखातर अडकवलेला येत नाही.

चांगला पोहणारा चांगला शिकवतो, हा समज क्लबचं बरंच नुकसान करतो. लहानपणापासून पोहणाऱ्याला आपण श्वास कसा घेतो हे सांगताच येत नाही, कारण ते त्याला कधी शिकावंच लागलेलं नसतं. पंचविशीत पोहायला शिकलेली एखादी आई मात्र नाकात पाणी जाण्याची भीती अगदी नेमकी ओळखते. पण पाण्यात उतरून शिकवणाऱ्याला किमान बळ हवंच. आमच्या मते त्याची कसोटी अशी असावी: न थांबता २०० मीटर पोहणं, तलावाच्या सर्वांत खोल जागेचा तळ गाठून तिथली वस्तू वर आणणं, एका मोठ्या माणसाला २५ मीटर ओढत काठापर्यंत आणणं. ज्याला हे जमत नाही त्याने काठावरची कामं करावीत. ती कमी प्रतीची नाहीत. हजेरी, वेळ नोंदवणं, दर दहा मिनिटांनी डोकी मोजणं ही कामं नीट झाली नाहीत तर पाण्यातला शिकवणारा निम्मं लक्ष तिकडेच ठेवतो.

प्रशिक्षणाची सुरुवात पोहण्याच्या शैलीपासून होऊ नये. पहिले दोन आठवडे फक्त वाचवणं शिकवावं. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. अमेरिकी जीवरक्षक फ्रँक पिया यांनी चित्रफितींवरून केलेल्या निरीक्षणात हे स्पष्ट झालं. तोंड पाण्याच्या पातळीवर खालीवर होत असतं, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबत असतात, शरीर उभं असतं, पाय जवळजवळ हलत नाहीत आणि हे सगळं २० ते ६० सेकंदांत संपतं. लांबून ते मूल खेळतंय असंच वाटतं. म्हणून नवीन स्वयंसेवकाला आधी काय बघायचं ते शिकवावं: उभं शरीर, मागे टाकलेलं डोकं, कपाळावर आलेले पण मागे न सारलेले केस. पाण्याकडे बघणाऱ्याची जागा ऊन त्याच्या पाठीशी येईल अशी निवडावी. तिरप्या उन्हाची चकाकी पडली की पृष्ठभागाखालचं मूल दिसत नाही. त्याने दहा सेकंदांत पूर्ण पाणी नजरेखालून घालावं आणि कुठल्याही कोपऱ्यापर्यंत पुढच्या वीस सेकंदांत पोहोचता येईल इतक्या अंतरावर राहावं. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ एकाच माणसाला हे काम देऊ नये. डोळे उघडे राहतात, मन दुसरीकडे जातं.

मदतीचा क्रमही पाठ हवा: आधी काठावरून काठी पुढे करा, मग दोर फेका, पाण्यात उडी अगदी शेवटी आणि तीही प्रशिक्षित माणसानेच. त्यासाठी महागडं साहित्य लागत नाही. पाच लिटरच्या रिकाम्या प्लास्टिक कॅनमध्ये अर्धा लिटर पाणी ठेवून झाकण घट्ट लावायचं आणि मुठीला १५ मीटरचा, पाण्यावर तरंगणारा दोर बांधायचा. आत थोडं पाणी असल्याने कॅनला वजन येतं आणि तो वाऱ्याने भरकटत नाही.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक जण चुकीची शिकून आलेले असतात. हृदयविकाराने कोसळलेल्या माणसासाठी 'फक्त छाती दाबा' ही सूचना सगळीकडे पोहोचली आहे. बुडालेल्या माणसाला ती पुरत नाही. त्याचं हृदय थांबतं ते प्राणवायू न मिळाल्याने. म्हणून आधी श्वास द्यायचा. युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सुरुवातीला ५ श्वास आणि मग ३० वेळा छातीवर दाब, २ श्वास, असं चालू ठेवायचं. पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवायचा नाही. उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका त्याने वाढतो. हा सराव पुतळ्यावर, प्रत्येक स्वयंसेवकाकडून, दर तीन महिन्यांनी करून घ्यावा. वर्षातून एकदा केलेला सराव हातात राहत नाही.

याच टप्प्यावर एक बंदीही घालून टाकावी: पाण्याखाली दम कोंडण्याच्या पैजा आणि त्याआधी भराभर खोल श्वास घेणं. तसे श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घ्यावासा वाटण्याची सूचना शरीराला त्याच्यामुळेच मिळते. सूचना उशिरा येते, प्राणवायू आधी संपतो आणि चांगला पोहणारा मुलगा धडपड न करता तळाशी शुद्ध हरपतो. अशा पैजा लावणारी मुलं बहुधा क्लबमधली सर्वांत तयार मुलं असतात, म्हणून प्रशिक्षकही त्यांच्याबाबतीत निर्धास्त राहतात.

त्यानंतर शिकवणं. नव्या स्वयंसेवकांची पहिली चूक बोलण्याची असते. शर्यतीच्या तलावाचं पाणी २५ ते २८ अंश सेल्सियस ठेवतात. त्यात पोहणाऱ्याला बरं वाटतं, पण उभं राहून ऐकणारं आठ वर्षांचं मूल दहा मिनिटांत कुडकुडतं आणि कुडकुडणारं मूल शिकत नाही. एका वेळी वीस सेकंदांपेक्षा जास्त बोलायचं नाही, एकच दुरुस्ती सांगायची, लगेच करायला लावायची.

दुसरी चूक जास्त खोल आहे. स्वयंसेवकाला दिसतं ते सांगता येतं, ते का घडतंय हे शोधता येत नाही. एक मुलगी फ्रीस्टाइल पोहतेय. बारा मीटरवर तिचे पाय खाली जातात, ती धापा टाकत लेनचा दोर पकडते. स्वयंसेवक म्हणतो, पाय जोरात मार. किकबोर्ड, म्हणजे हातात धरायची तरंगती फळी, देतो. किकबोर्डवर हात वर टेकल्याने तिची छाती आणखी वर येते, कंबर आणखी खाली जाते आणि पाय मारून मारून ती आधीपेक्षा लवकर दमते. आता तिच्या डोक्याकडे बघा. श्वास घ्यायला ती मान वळवत नाही, डोकं समोर उचलते. छातीत हवा भरलेली असते, म्हणून पाण्यातलं शरीर फुप्फुसांभोवती तराजूसारखं कलतं. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जाणारच. आणि ती डोकं उचलते, कारण पाण्यात तोंड असताना तिने श्वास सोडलेलाच नसतो. सोडणं आणि घेणं ही दोन्ही कामं तिला वर आल्यावरच्या क्षणात उरकायची असतात. म्हणजे बिघाड पायात दिसतो आणि असतो उच्छ्वासात. उपाय असा: आधी भिंतीला धरून, तोंड पाण्यात ठेवून नाकातोंडातून सलग बुडबुडे सोडायचे, मग मान बाजूला वळवून घ्यायचा तो फक्त घेण्याचा श्वास, असं दहा वेळा. मग एका कुशीवर, खालचा हात पुढे ताणून, सहा वेळा पाय मारत सरकायचं, एक गॉगल पाण्यात आणि एक बाहेर. सहा झाले की कूस बदलायची. तीन-चार सत्रांत तीच मुलगी पंचवीस मीटर जाते आणि पायांबद्दल कुणी एक शब्द बोललेला नसतो.

स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात असे आठ-दहा नमुने पक्के करून घ्यायला हवेत: दिसतं काय, कारण काय, द्यायचं काय. प्रत्येक नमुना एका पुठ्ठ्यावर लिहून प्लास्टिकमध्ये घालावा आणि काठावर ठेवावा. सत्र संपल्यावर पंधरा मिनिटं थांबून तीनच प्रश्न विचारावेत: आज कोणतं मूल अडलं, तुम्ही काय सांगितलं, सांगितल्यावर काय बदललं. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर त्या दिवशी शिकवणं झालं नाही, नुसतं बोलणं झालं. पहिले काही दिवस हे ऐकायला कडू वाटतं, पण माणूस शिकवायला लागतो तो याच पंधरा मिनिटांत.

मुख्य प्रशिक्षकाने मात्र एक गोष्ट शिकायला हवी, ती म्हणजे बाजूला होणं. दर दोन महिन्यांनी एक पूर्ण आठवडा त्याने काठावर बसावं, हातात शिट्टी घेऊ नये, धोका असल्याशिवाय तोंड उघडू नये. त्या आठवड्यात जे कोलमडेल ते लिहून ठेवावं. चाव्या कुणाकडे असतात, गटाची यादी कुणाला माहीत आहे, पाण्याची तपासणी कोण करतं, अशा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी कोलमडतात आणि क्लब नेमके त्यांच्यावरच बंद पडतात.

वाढीचा नियम यातून आपोआप येतो: एक नवा माणूस तयार झाला की तीन नवी मुलं घ्यायची, त्याआधी नाही. प्रतीक्षायादी लांबली म्हणून पालक रागावतील, पदाधिकाऱ्यांवर दबाव येईल. त्या यादीतल्या पालकांनाच सांगावं की तुम्ही आठ आठवडे दिलेत तर यादी तीनने पुढे सरकेल. प्राथमिक गटातून सरावाच्या गटात जाण्यासाठीही कसोटी ठरलेली असावी: डोक्यावर पाणी असलेल्या ठिकाणी उडी मारून वर येणं, एक मिनिट तरंगणं, पूर्ण गिरकी घेऊन बाहेर पडायची जागा शोधणं, तिथवर पंचवीस मीटर पोहणं आणि शिडीशिवाय काठावर चढणं. सगळं एकापाठोपाठ, मध्ये विश्रांती न घेता. वर्षातून एकदा हे अंगावर कपडे असताना करून घ्यावं, कारण मुलं अपघाताने पडतात ती पोहण्याच्या पोशाखात नसतात.

स्पर्धेबद्दल थोडक्यात. दहा-बारा वर्षांच्या मुलांना आठवड्याला तीन वेळा, प्रत्येकी एक तास पुरे. हाताला पॅडल (पाणी जास्त ढकलणाऱ्या प्लास्टिकच्या चकत्या) लावून अंतर वाढवण्याचा हव्यास धरू नये, वाढत्या वयातले खांदे त्यानेच दुखावतात. तलाव १७ किंवा २० मीटरचा असेल तर तिथल्या वेळेची २५ मीटरच्या वेळेशी तुलना करू नये. त्याऐवजी एका फेरीला किती हात लागतात ते मोजावं आणि ते दोनने कमी कसे होतील ते बघावं. दर सहा आठवड्यांनी घरच्या घरी वेळ-चाचणी घ्यावी, पालकांना स्टॉपवॉच द्यावीत. एका लेनला तीन घड्याळं असतील तर दोन जुळणारी वेळ, तिन्ही वेगळ्या आल्या तर मधली, हा स्पर्धेतला नियमच पाळावा. सूर मारण्याबद्दल मात्र कडक राहावं. जागतिक नियमांत सुरुवातीच्या चौथऱ्याखाली, भिंतीपासून १ मीटर ते ६ मीटर अंतरापर्यंत, किमान १.३५ मीटर खोली सांगितली आहे आणि तीही तयार जलतरणपटूंसाठी. त्याहून उथळ तलावात डोक्यावर उडी नाही. मानेची दुखापत आयुष्यभराची असते.

मुली साधारण अकरा ते चौदा या वयात गळतात. बहुतेक क्लब हे मुकाट्याने स्वीकारतात, ते आम्हाला मान्य नाही. कारणं हाताळता येण्याजोगी आहेत. कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी हवी. अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख चालतो हे पहिल्या दिवशीच सांगायला हवं. पाळीबद्दल बोलायला एक स्त्री प्रशिक्षक हवी आणि त्या दिवशी पाण्यात न उतरणाऱ्या मुलीला काठावर घड्याळाचं काम हवं, म्हणजे तिला कारण सांगत घरी बसावं लागत नाही. यादीतल्या आठ नावांत निदान तीन स्त्रिया नसतील तर पुढची भरती कुणाची करायची हे ठरलंच.

मुलांच्या सुरक्षेचे नियम खेड्यात बहुधा 'सगळे ओळखीचेच तर आहेत' म्हणून टाळले जातात. ओळखीचे असतात म्हणूनच तिथे तक्रार करणं जास्त अवघड असतं. ज्याच्याविरुद्ध बोलायचं तो वडिलांचा मित्र असतो, आईचा भाऊ असतो, मास्तर असतो. म्हणून नियम सर्वांना सारखे आणि लेखी हवेत. एक मोठा माणूस आणि एक मूल असे एकटे कुठेही नाहीत. हात धरून दाखवायचा असेल तर आधी सांगायचं आणि सर्वांसमोरच दाखवायचं. मुलांना खासगी संदेश पाठवायचे नाहीत. कपडे बदलण्याच्या जागेत फोन नाही. तक्रार ऐकणारी व्यक्ती प्रशिक्षकांपैकी नसावी आणि तिचं नाव फलकावर असावं. मुलांचं सर्वांसमोर वजन करणं, त्यांच्या अंगावरून शेरे मारणं, हेही याच यादीत येतं.

आमच्या म्हणण्यावर एक रास्त आक्षेप आहे. स्वयंसेवकांवर भर देणं म्हणजे फुकट राबवून घेणं, आणि शासनाला किंवा स्थानिक संस्थेला जबाबदारीतून मोकळं करणं नव्हे का? सीमा आखली नाही तर तसंच होतं. सीमा अशी हवी: पाणी सांभाळणारा आणि जीवरक्षक हे पगारीच असले पाहिजेत. मुक्त क्लोरीन (जंतू मारायला पाण्यात शिल्लक असलेलं) लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच (पाणी किती आम्ल आहे ते दाखवणारा आकडा) ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान आहे ना, हे दिवसातून निदान दोनदा तपासणं, तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल तर तलाव बंद ठेवणं, आम्ल आणि क्लोरीन चुकूनही एकत्र येणार नाहीत अशी साठवण करणं, कारण त्यातून विषारी वायू निघतो, ही कामं हौसेवर सोडता येत नाहीत. डोळे चुरचुरले की 'क्लोरीन जास्त झालं' म्हणून ते कमी करणारे हौशी लोक असतात. बहुतेक वेळा घाम-लघवीशी संयोग होऊन बनलेली संयुगं डोळे चुरचुरायला लावतात आणि तेव्हा मुक्त क्लोरीन खरं तर अपुरं असतं. स्वयंसेवकाने शिकवावं, आणि त्याच्या प्रशिक्षणाचा, प्रवासाचा, विम्याचा, प्रथमोपचाराच्या प्रमाणपत्राचा खर्च सार्वजनिक निधीतून व्हावा. आपला वेळ तो देतोच आहे, खिशातलेही पैसे त्याने का घालावेत? बाजूला काढायचा दहावा हिस्सा हाच.

निधी देणाऱ्यांनी हिशेबात उद्घाटनाचे फोटो मागू नयेत. चार आकडे मागावेत: वर्षभरात किती माणसांनी २०० मीटरची आणि ओढून आणण्याची कसोटी पार केली, त्यातली किती पुढच्या वर्षी टिकली, किती मुलांनी पंचवीस मीटरची सलग कसोटी पूर्ण केली, आणि किती सत्रं माणसं अपुरी म्हणून रद्द झाली. चौथा आकडा शून्य असेल तर त्याबद्दल शाबासकी न देता चौकशी करावी, कारण वर्षभरात एकदाही माणसं कमी पडली नाहीत हे जवळजवळ अशक्य आहे. त्या दिवशी अपुऱ्या माणसांवर सत्र घेतलं गेलं असण्याचीच शक्यता जास्त.

फाटकावर एक फलक असावा आणि त्यावर रोज खडूने तीन गोष्टी लिहाव्यात: आज शिकवणारे कोण, पाण्याकडे बघणारा कोण, आज किती मुलं घेता येतील. पहिल्या दोन जागा भरल्या नाहीत तर फाटक उघडायचं नाही, पालक कितीही लांबून आलेले असोत. त्या दिवशी मुलांना परत पाठवू नये. मोकळ्या जागेवर दहा मीटर अंतरावर चुन्याने एक वर्तुळ आखावं, दोर बांधलेला कॅन हातात द्यावा आणि प्रत्येकाला दहा-दहा फेकी करायला लावाव्यात. बहुतेकांची पहिली फेक वर्तुळाच्या अलीकडे पडते. तेव्हा सांगावं की कॅन बुडणाऱ्याच्या डोक्यावर नाही, खांद्यापलीकडे टाकायचा आणि दोर त्याच्या हातावरून ओढून आणायचा.